सीमेपलीकडचा बाजार

सावंतवाडीहून गोव्याकडे निघाले की प्रथम बांदा लागते आणि पुढे थोड्याच अंतरावर पत्रादेवीचा नाका येतो. आज तेथून मोटारी सहज ये-जा करतात. परंतु डिसेंबर १९६१ पर्यंत ही परक्या सत्तेची सरहद्द होती. अलीकडे स्वतंत्र भारत, पलीकडे पोर्तुगीज अंमल! तिकडे परदेशी मालावरील जकात हलकी, त्यामुळे विलायती घड्याळे, फाउंटन पेने, नायलॉनचे कापड यांनी दुकाने भरलेली असत. आपल्याकडे मात्र नव्या देशी कारखान्यांना आधार मिळावा व परकीय चलन वाचावे, म्हणून अशा मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. साहजिकच पुष्कळांचे डोळे पलीकडे लागत. काही जण आडवाटांनी चोरटा मालही आणीत. लोक त्यांच्या गोष्टी मोठ्या रंगवून सांगतात. मला त्यांत शौर्य कधीच दिसले नाही.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी याच पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर कोणीतरी आमच्या आजोबांना पलीकडचे एक सुरेख घड्याळ अगदी अल्प किमतीत देऊ केले. आजोबांचे स्वतःचे घड्याळ रोज दहा मिनिटे मागे पडे; तरी त्यांनी नव्याला हातही लावला नाही. आजी मात्र व्यवहाराचे बोले. ती म्हणे, "घड्याळ गोयात गावता, पण उधारी थंय गावना नाय."

आता दोन्ही बाजू एकाच देशाच्या आहेत. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून बहुतेक वस्तूंवरील कर सर्व राज्यांत सारखाच आहे. पेट्रोल मात्र त्या कराबाहेर राहिले. त्यावर प्रत्येक राज्य आपापला कर बसवते आणि गोव्याचा कर महाराष्ट्राहून कमी आहे. म्हणून आमच्याकडील कित्येक गाड्या टाकी भरण्यासाठी नाका ओलांडतात. यातील हिशेब पाहण्याजोगा आहे. समजा, पेट्रोल लिटरमागे आठ रुपयांनी स्वस्त आहे आणि स्कूटरमध्ये पाच लिटर मावते. म्हणजे चाळीस रुपये वाचले. पण जाऊन येऊन तीस किलोमीटर पडले, तर त्यातच पाऊण लिटरच्या आसपास जळते! स्वस्ताईच्या आनंदात ही वजाबाकी कोण करतो?

आमच्या गावच्या वाण्याकडे चार जिन्नस चार-दोन रुपयांनी महाग असतात, हे खरे. पण तेरेखोलला पूर येऊन रस्ते बंद होतात, तेव्हा तांदूळ आणि काडेपेटी त्याच्याचकडे मिळते. घरात आजारपण आले, तर तो वहीत नाव लिहून सामान देतो. एरवी सारी खरेदी दूर करून संकटात तेवढे त्याचे दार ठोठावायचे, तर ते दार उघडे तरी कसे राहणार? म्हणून किराणा मी गावातच घेतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला काही कामाने गेलोच, तर मात्र येताना टाकी तिकडे भरून घेतो. तो कर आपल्या राज्याच्या तिजोरीत पडला नाही, ही रुखरुख मग बांद्यापर्यंत सोबत असते.