फुकटच्या खोलीचे भाडे

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी बँकेचे पत्र आले. पूर्वी अशी पत्रे पोस्टमन आणी. आता मोबाइल किणकिणतो, एवढाच काय तो फरक. मजकूर मात्र जुन्या सावकाराच्या चिठ्ठीसारखाच गोड होता. आमचा प्रवास अधिक सुखाचा व्हावा म्हणून आमच्या हॉटेलच्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी 3,000 रुपयांवरून 5,000 रुपये होणार होती. वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे काल जेथे 3,540 रुपये पडत, तेथे यंदा 5,900 मोजायचे.

ज्यांच्या घरी हे प्रकरण अद्याप शिरलेले नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. एखादी बँक आणि एखादी मोठी हॉटेलांची साखळी यांचे सोयरिक जमते आणि त्यातून हे कार्ड जन्माला येते. त्यावर खरेदी केली की हॉटेलचे गुण जमा होतात, वर्षातून एक रात्र खोली फुकट मिळते, विमानतळावरच्या विश्रांतिकक्षात खाणेपिणे होते, आणि सकाळी खोली जरा उशिरा सोडली तरी चालते, अर्थात "खोली उपलब्ध असल्यास." ही शेवटची अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती पुढे माझ्या उपयोगी पडली.

आपल्याकडे मॅरियट आणि एचडीएफसी बँक यांनी ऑगस्ट 2023 मध्ये असे कार्ड आणले, तेव्हा त्याची फी 3,000 रुपये अधिक कर अशी होती. त्यात 15,000 गुणांपर्यंतची एक रात्र आणि देशात बारा व परदेशात बारा वेळा विश्रांतिकक्ष. अमेरिकेत ही प्रथा पुष्कळ जुनी, आणि फी वाढवण्याची प्रथाही तितकीच रुळलेली. तिथे अमेरिकन एक्सप्रेसच्या मॅरियटवाल्या बड्या कार्डाची फी 2022 साली 450 डॉलरवरून 650 झाली. हिल्टनच्या बड्या कार्डाची 2023 साली 450 वरून 550. फी वाढली की सोबत एखादी नवी सवलत येते. त्या 650 डॉलरच्या कार्डात उपाहारगृहाच्या बिलापोटी वर्षाला 300 डॉलर परत मिळू लागले, पण एकरकमी नव्हे, दरमहा 25. ज्या महिन्यात बाहेर जेवायचे राहिले, त्या महिन्याचे पंचवीस बुडाले. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याच्याकडे असेच एक कार्ड आहे. त्याची बायको महिन्याच्या पंचवीस तारखेला फ्रिजवर चिठ्ठी लावते, "बाहेर जेवायचे राहिले आहे." भूक लागली म्हणून जेवायला जाणारी माणसे आपण पाहिली आहेत, सवलत संपेल म्हणून जेवायला जाणारी ही पहिली.

माझे कार्ड कोणत्या बँकेचे, ते सांगत नाही. माझे भांडण बँकेशी नाही, माझ्याच हिशेबाशी आहे. बँक काही धर्मादाय संस्था नव्हे. ती हॉटेलकडून गुण विकत घेते आणि तो पैसा दुकानदाराच्या दलालीतून, उधारी थकवणाऱ्यांच्या व्याजातून आणि आमच्यासारख्यांच्या फीतून वसूल करते. या कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लागते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. ज्याचे बिल एकदा जरी थकते, त्याने फुकट खोलीचे नावही काढू नये.

घरात अर्थातच दोन पक्ष पडले. मी कार्ड ठेवण्याच्या बाजूचा, आमच्या सौभाग्यवती विरुद्ध. "कोजागिरीला अमरावतीला जाऊन येऊ, मग काय ते ठरवू," असा तह झाला.

रात्री मुंबईहून अमरावती एक्सप्रेसमध्ये बसलो. अकोला मागे पडल्यावर खिडकीतून वऱ्हाड दिसू लागले. काळीभोर जमीन, सोयाबीन निघालेली मोकळी वावरे, तुरीचे हिरवे पट्टे आणि नुकती फुटू लागलेली कपाशीची बोंडे. बडनेऱ्याला मुख्य रस्ता सोडून गाडी अमरावतीच्या फाट्याला लागली. एप्रिल 2025 पासून बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईचे विमान उतरू लागले आहे, पण चार जणांच्या कुटुंबाने आणि दोन पिशव्या चिवड्याने आगगाडीच धरावी, असे आमचे जुने मत आहे.

मामी अंबापेठेत राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मामा जाऊन चौदा वर्षे झाली. घर जुने, अंगण मोठे, आणि अंगणाच्या कोपऱ्यात गोवऱ्यांचा ढीग. त्या ढिगाकडे मला नीट पाहवेना, त्याचे कारण गेल्या दिवाळीत आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही तीन दिवसांसाठी आलो होतो. आमच्या फुकट रात्रीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. आमच्या साखळीचे हॉटेल अमरावतीत नाही, अकोल्यातही नाही. सर्वांत जवळचे नागपूरला, दीडशे किलोमीटरवर. "एवढी फी भरली, रात्र वाया कशाला घालवायची?" असे म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळीच मी भाड्याची मोटार बोलावली. मामींनी संध्याकाळसाठी रोडग्यांचा बेत केला होता. गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या, वांगी आणली होती, शेजारपाजारच्यांना सांगून झाले होते. मी कारण सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "जा बाबू. पैसे भरले हायेत तं वाया कायले घालवता!"

त्या रात्रीचा हिशेब आमच्या सौ.नी डायरीत टिपून ठेवला होता. कोजागिरीच्या चांदण्यात, आटीव दुधाचा पेला हातात देऊन, त्यांनी तो वाचून दाखवला. कार्डाची फी 3,540. नागपूरला मोटारीने जाण्यायेण्याचे 5,500. हॉटेलातले चौघांचे जेवण आणि सकाळची न्याहारी 6,200. एकूण 15,240 रुपये.

"पण खोली साडेसात हजारांची होती," मी म्हणालो.

"हो, पण ती फुकट नसती, तर साडेसात हजार मोजून तुम्ही तिथे राहिला असता का?"

वाचकहो, सगळे शास्त्र या एका प्रश्नात आहे. खोलीची किंमत दाराच्या पाटीवर लिहिलेली नसते. आपण आपल्या खिशातून एरवी जे खर्चले असते, तेवढीच तिची आपल्यापुरती किंमत. आम्ही एरवी मामींच्या माडीवर झोपलो असतो. म्हणजे ज्या रात्रीची किंमत आम्हांला शून्य होती, ती आम्ही पंधरा हजारांना घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादेवीचे दर्शन घेतले. श्रीकृष्णाने रुक्मिणीला येथूनच नेले, असे गावातला लहान पोरही सांगतो. संध्याकाळी गिलावडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वर तिखट भुरभुरलेला. तो खाल्ल्यावाचून अमरावती झाली असे होत नाही. मग मामी म्हणाल्या, "चाल, बाबाच्या समाधीले जाऊन येऊ."

गाडगेनगरात गाडगेबाबांची समाधी आहे. याच जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेला हा माणूस. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडग्याचा तुकडा. त्यांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला, देहूला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र त्यांतल्या एकीचेही मालक झाले नाहीत. 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीच्या वाटेवर असताना, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. पाहुणचाराचा एवढा मोठा संसार करणारा दुसरा वऱ्हाडी मला ठाऊक नाही, आणि त्यात शिरायला कार्ड लागत नव्हते.

समाधीपुढे हात जोडून झाल्यावर मामी पायरीवर टेकल्या. सौ.कडे वळून सहज म्हणाल्या, "सूनबाई, तुहे मामंजी टाटाले होते न, तवा अडीच महिने आमी दादरच्या गाडगेबाबाच्या धर्मशाळेत होतो. लय सोय होती बापा. माणसंबी चांगले."

मी खाली पाहिले. तेव्हा मी डोंबिवलीला एका खोलीत राहत होतो. मामा कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईला येणार म्हणून मामींचा फोन आला होता, आणि मी म्हटले होते, "मामी, जागा फार लहान आहे हो. तुमचीच गैरसोय होईल." ते खोटे नव्हते. पण खरेही किती होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. शनिवारी डबा घेऊन मी दादरला जात असे. धर्मशाळेच्या त्या ओसरीत गावोगावची माणसे आपापल्या रुग्णाच्या उशाशी बसलेली असत, आणि आमच्या मामी त्यांच्यातल्याच एका होऊन गेल्या होत्या. मामींनी आजही ते गाऱ्हाणे म्हणून सांगितले नाही. त्यामुळेच ते अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला निघालो. अमरावती–अकोला रस्त्याने जून 2022 मध्ये जागतिक विक्रम केला. 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरला आणि गिनेसच्या पुस्तकात नाव गेले. मोटार तेलावर घसरावी तशी जाते. वाटेत मूर्तिजापूर लागले आणि मला "शकुंतला" आठवली. यवतमाळपासून मूर्तिजापूरमार्गे अचलपूरपर्यंत जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी किलिक निक्सन या विलायती पेढीने घातलेली. 1951 साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी ही मार्गिका खासगीच राहिली. गाडी सरकार चालवी आणि रुळांचे पैसे पेढीला मिळत. 1994 पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. कापूस ट्रकमधून जाऊ लागला, वेग मंदावत गेला, तरी करार आपला चालूच. अखेर गाड्याही बंद पडल्या. करार करताना जी सोय असते, ती पुढे उरली आहे की नाही, हे कोणी तपासत नाही. रक्कम मात्र दरसाल जात राहते. मला माझे कार्ड आठवले आणि मी खिशावरचा हात काढून घेतला.

अकोल्यात माझा एक शाळासोबती सरकीचा व्यापार करतो. त्याच्याकडेही माझ्याच बँकेचे तेच कार्ड निघाले. माझा हिशेब ऐकून तो खदखदून हसला.

"अरे, तू कार्ड घेतलं अन् मंग त्याच्यासाठी गावाले निघाला. मी गावाले जातोच, म्हणून कार्ड घेतलं."

त्याचे म्हणणे सोळा आणे खरे होते. मुंबई-अहमदाबाद मिळून वर्षाच्या वीस-बावीस रात्री तो हॉटेलात काढतो, आणि त्यांचे पैसे त्याला मोजावेच लागतात. त्यातली सात हजारांची एक रात्र फुकट सुटली, की 3,540 फी वजा जाता 3,460 रुपये निव्वळ शिल्लक. शिवाय गुण वेगळे. पण नव्या फीने त्याचीही शिल्लक 1,100 वर येणार होती.

"अजून एकडाव वाढवली का मंग आपला राम राम," तो म्हणाला. "कार्डाशी काय लग्न लागलं हाय का?"

तेव्हा ज्याचा रस्ता रोजच त्या हॉटेलांवरून जातो, त्याने कार्ड खुशाल ठेवावे, आणि दरसाल फी भरण्यापूर्वी एक कागद-पेन्सिल घेऊन बसावे. ज्याचा रस्ता मामीच्या अंगणाकडे जातो, त्याने ते घेऊ नये. कारण कार्ड रिकामे बसत नाही. ते आपल्याला त्याच्या गावाला ओढते, आणि आपल्या गावातली एक संध्याकाळ कापून नेते. ती संध्याकाळ कुठल्याही बँकेच्या पत्रकात नावे पडत नाही.

संध्याकाळी पुन्हा अमरावतीला परतलो. अंगणात गोवऱ्यांचा धूर पसरला होता. निखाऱ्यांत भाजलेले रोडगे मामींनी फडक्यात घेऊन झटकले, फोडले, त्यांवर तुपाची धार धरली. शेजारी वरण आणि वांग्याची भाजी. गेल्या वर्षीचे तेच शेजारी पंगतीला होते. कोणी काही बोलले नाही, मीही बोललो नाही. फक्त चार रोडगे खाल्ले.

मुंबईला येताच बँकेला फोन करून कार्ड बंद केले. पलीकडची मुलगी अर्धी फी माफ करायला तयार झाली. तिला नाही म्हणताना जीभ अडखळली, हे कबूल करतो. बाकीचा हिशेब सौ.नी केला. वाचलेल्या 5,900 रुपयांत मामींचे अमरावतीहून येण्याजाण्याचे वातानुकूलित डब्याचे तिकीट निघून वर पैसे उरत होते. आता आमची जागा दोन खोल्यांची आहे. मुलांनी त्यांची खोली आपण होऊन देऊ केली.

मी मामींना फोन लावला आणि म्हटले, "मामी, दिवाळीला इकडे या. महिनाभर राहायला."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "पाय बाबू, तुह्याकडे खोली खाली हाय न?"

"आहे मामी," मी म्हणालो. "आणि सकाळी लवकर सोडायचीही घाई नाही."