वीस दिवसांची मुदत

२०२५ च्या उपवासकाळातील एका शुक्रवारची गोष्ट. क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून मी कार्यालयाचा दिवा मालवीत होतो, तोच एक जोडपे दारात येऊन उभे राहिले. दोघेही आमच्या धर्मग्रामातील जुनी माणसे. तो लालबहादूर शास्त्री मार्गावरील एका औषधाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, ती महापालिकेच्या शाळेतील शिक्षिका. वडिलांच्या हातात चार वेळा घडी घातलेला कागद होता. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करतो. ही हकिकत मी पापनिवेदनात ऐकलेली नाही. ऐकली असती तर ती माझ्याबरोबरच मातीत गेली असती. त्या कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटू नये एवढा तपशील बदलून मी ती लिहीत आहे.

कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीच्या नावे आलेले ते पत्र होते. पाठविणारी वकिलांची पेढी दुकानापासून दोन हजार मैल दूर, दुसऱ्याच राज्यातली. अमुक तारखेला आमच्या अशिलाच्या दुकानातून तुम्ही माल चोरलात, कायद्यानुसार तुम्ही नुकसानभरपाईस पात्र आहात, वीस दिवसांत ३५० डॉलर भरावेत, न भरल्यास पुढील कारवाईचा हक्क राखून ठेवला आहे, असा त्याचा मथितार्थ. आपल्या हिशेबाने तीस हजार रुपये.

"फादर, विसरली असेल हो ती. तिथे यंत्रावर आपणच वस्तू दाखवायच्या, आपणच पैसे भरायचे," आई म्हणाली. वडील काहीच बोलले नाहीत.

ती विसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी फोनवर तिने मला स्वतःच सांगितले. टोपलीतल्या अकरा वस्तूंपैकी चार तिने यंत्रापुढे धरल्याच नाहीत. किंमत सारी मिळून ३८ डॉलर. दाराशी रखवालदाराने अडविले, आतल्या खोलीत नेले, माल काढून घेतला, छायाचित्र काढले, एका कागदावर सही घेतली आणि पुन्हा या दुकानात पाऊल टाकू नकोस असे बजावून सोडून दिले. पोलिसांना बोलावले नाही. प्रकरण मिटले असे तिला वाटले. तीन आठवड्यांनी हे पत्र आले.

आता माझी चूक. त्या रात्री मी त्या दोघांना विनाविलंब दोन गोष्टी सांगितल्या: पैसे भरून टाका, आणि मुलीला दुकानाच्या व्यवस्थापकाला स्वहस्ते माफीपत्र लिहायला सांगा. गोरेगावच्या सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला परतफेडीचा विषय आम्ही घोटून घोटून शिकलो होतो. सातव्या आज्ञेचा भंग केवळ पश्चात्तापाने भरून निघत नाही, घेतलेली वस्तू मालकाकडे परत गेली पाहिजे, हे मी तेव्हापासून शेकडो वेळा शिकवीत आलो आहे. निर्गमाच्या पुस्तकात चोरलेले जनावर चोराकडे जिवंत सापडले तर दुप्पट, विकले किंवा कापले असेल तर मेंढराचे चौपट आणि बैलाचे पाचपट, असा चोख हिशेब आहे. जक्कयाने चौपट देऊ केले. तिथे ३८ च्या मालाला ३५० मागणे जरा जास्त वाटले खरे, पण दंड तो दंड, असे मी मनाशी म्हटले. माझे उत्तर तयार होते. प्रश्न मात्र मी नीट वाचला नव्हता.

तो वाचून दाखविला आमच्याच धर्मग्रामातील एका वकिलाने. मुलुंडच्या न्यायालयात ते वकिली करतात. त्यांची माझी गाठ पडली होती ती २०२४ च्या दिवाळीत, एका चौदा वर्षांच्या वेदीसेवकाच्या निमित्ताने. इथल्याच एका मोठ्या दुकानात १८० रुपयांचा सुगंधी फवारा खिशात घालताना तो सापडला. दुकानदाराने त्याला दोन तास बसवून ठेवले, दहापट, म्हणजे १,८०० रुपये मागितले, नाहीतर फोटो भिंतीवर लावू म्हटले. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या आईने उसनवारी करून पैसे आणले. पावती नाही. आमच्या वकिलांनी व्यवस्थापकाला शांतपणे समजावून सांगितले होते की, पोलिसांना बोलावण्याचा अधिकार दुकानाला आहे, दंड ठरविण्याचा नाही. धाक घालून पैसे घेतले तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी ठरू शकते, कोंडून ठेवणे हा कलम १२७ चा विषय आहे, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख उघड करायला २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या त्याच संहितेत, पाच हजारांहून कमी किमतीची साधी चोरी पहिल्यांदाच सिद्ध झाली आणि वस्तू किंवा तिचे मोल परत केले, तर समाजसेवेची शिक्षा आहे. आईला १,६२० रुपये परत मिळाले. १८० मुलाने सुट्टीत कामाला जाऊन फेडले.

हे वकील पत्र वाचून म्हणाले, "फादर, हा समन्स नाही, निकालही नाही. ही मागणी आहे. पण तिथला कायदा तिथल्याच माणसाला विचारा. आणि माफीपत्र तूर्त थांबवा."

माझा एक सेमिनरीतला सहाध्यायी कॅलिफोर्नियात सेवा करतो. त्याने मुलीला तिच्याच विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा साहाय्य केंद्रात जायला सांगितले. असे केंद्र असते हे तिला ठाऊकही नव्हते. तिथल्या वकीलबाईंनी जे सांगितले ते आपल्यापैकी ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी ऐकून ठेवावे, म्हणून सविस्तर देतो.

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम ४९०.५ दुकानदाराला ५० ते ५०० डॉलरपर्यंत भरपाई मागू देते, आणि माल विकण्याजोगा परत मिळाला नसेल तर त्याची किंमतही. मुलगा अज्ञान असेल तर मागणी आईवडिलांकडे येते. म्हणजे पत्राला कायद्याचा आधार होता. ते बनावट नव्हते. परंतु ही बाब दिवाणी. पैसे भरल्याने फौजदारी खटला टळतो असे नाही आणि न भरल्याने तो उभा राहतो असेही नाही. रक्कम वसूल करायची तर दुकानाला न्यायालयात जावे लागते. दिवाणी मागणीत वरचढ ठरण्यासाठी फौजदारी कारवाईची धमकी देणे तिथल्या वकिलांना त्यांच्या व्यावसायिक नियमांनीच निषिद्ध आहे. म्हणूनच पत्रात पोलिसांचा शब्दही नव्हता. तो शब्द वाचणाऱ्याच्या भीतीने भरला होता.

आणि माझे माफीपत्र? बाईंनी डोक्याला हात लावला म्हणे. अमेरिकेच्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यात चोरी हा सामान्यतः नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरला जातो, आणि दोषी ठरणेच नव्हे तर त्या गुन्ह्याचे घटक रीतसर कबूल करणेही प्रवेशास अपात्र ठरवू शकते. एकाच किरकोळ गुन्ह्यासाठी एक अपवाद आहे, पण त्यावर विसंबून कबुलीजबाब लिहून देणे शहाणपणाचे नव्हे. पुढे जुलै २०२५ मध्ये दिल्लीच्या अमेरिकन दूतावासानेही जाहीर इशारा दिला की चोरीसारख्या गुन्ह्याने व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढचे व्हिसाही अडू शकतात. पापाची कबुली द्या म्हणून ज्याने आयुष्य घालविले त्या मला, कबुली कोणापुढे द्यावी याचा विचार पन्नाशी उलटल्यावर करावा लागला.

त्या दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचले. इंग्लंडमध्ये २०१२ साली ऑक्सफर्डच्या दिवाणी न्यायालयात एका दुकानाने दोन किशोरवयीन मुलींकडून प्रत्येकी १३७.५० पौंड मागितले. माल जागच्या जागी परत मिळाला होता. रखवालदारांनी त्यांना ज्यासाठी पगार मिळतो तेच केले, दुकानाचे कामकाज विस्कळीत झाले नाही, म्हणून न्यायाधीशांनी दावा फेटाळला. सॅन फ्रान्सिस्कोत एक खासगी कंपनी पकडलेल्यांना, 'चारशेच्या आसपास डॉलर भरून आमचा सुधारणा वर्ग करा, नाहीतर पोलीस', असा पर्याय देत असे. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती खंडणी ठरविली. म्हणजे तेथील न्यायालयांनाही माझ्याआधी हा प्रश्न पडला होता की चोरी करणाराही कोणाचा तरी बळी होऊ शकतो काय.

वकीलबाईंनी पेढीला चार ओळींचे पत्र लिहिले: यापुढील पत्रव्यवहार माझ्याशी करावा, प्रत्यक्ष नुकसान काय झाले त्याचा तपशील द्यावा. मध्यंतरी ५०० डॉलरची मागणी करणारे दुसरे पत्र आले. ते बहुधा आधीच टपालात पडले असावे. त्यानंतर नाताळपर्यंत काही आले नाही.

मुलीचे मन मात्र एवढ्याने भागले नाही. "फादर, मी चोरी केली ना? मग मी कोणाची देणेकरी?" तिने विचारले. माल मालकाकडे गेला आहे. ३५० डॉलरचा किती भाग दुकानाला आणि किती पेढीला गेला असता हे कोणी सांगत नाही. रखवालदाराची पाऊण तासाची कटकट तेवढी राहते. मी तिला जवळच्या चर्चमध्ये जाऊन प्रायश्चित्त संस्कार घ्यायला सांगितले. तिथे दिलेली कबुली कोणत्याही दूतावासाच्या हाती लागत नाही. पैशांचे उत्तर मला देता आले नाही. ती आता शनिवारी गरिबांना शिधा वाटणाऱ्या एका केंद्रात डबे रचायला जाते. ते मी सुचविलेले नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली, तीही तिच्या आईकडून. माझ्या त्या पहिल्या रात्रीच्या शब्दावर विसंबून वडिलांनी दुसऱ्याच दिवशी बँकेतली मुदत ठेव मोडली होती. व्याज गेले. याविषयी ते मला एक अक्षर बोलले नाहीत.

दर रविवारी तिसऱ्या मिस्सानंतर अर्पणाचे पैसे मोजायला ते बसत. त्या शुक्रवारनंतर तीन रविवार ते आले नाहीत. चौथ्या रविवारी आले, नेहमीच्या खुर्चीवर न बसता उभेच राहिले आणि म्हणाले, "फादर, पेटीची किल्ली यापुढे तुमच्याकडेच असू द्या." मी किल्ली टेबलावर त्यांच्या बाजूला सरकवली. बऱ्याच वेळाने ते बसले. नोटा सरळ करून त्यांनी हिशेब दोनदा मोजला, आणि वहीत सही करण्यापूर्वी मला जवळ बोलावून तिसऱ्यांदा मोजून दाखविला.