न मागितलेली साखर

आपल्याकडे चहात साखर घालू का, असं कोणी विचारत नाही. ती असतेच. ज्याला नको असेल त्यानं आधी बोलावं. न बोलणाऱ्याच्या वाट्याला जे येतं, त्याला संगणकवाले 'डिफॉल्ट' म्हणतात. हे डिफॉल्ट ज्या फायलींत असतात त्या वाचणं आणि लिहिणं हा माझा धंदा. "म्हणजे दिवसभर करता तरी काय, जावईबापू?" असं सासऱ्यांनी विचारलं, की मी सांगतो, "लोकांच्या चहात साखर किती, ते ठरवतो."

ओपनएसएसएचची मूळ फाइल पाहा. बहुतेक ओळींच्या आधी '#' असतो. तशी ओळ संगणक वाचतच नाही. आपल्याला वाटतं, ओळ मेली, विषय संपला. छे! तिच्यात लिहिलंय तेच लागू असतं, कारण तोच डिफॉल्ट. आजोबांचा फोटो भिंतीवर लागून वीस वर्षं झाली, तरी घर त्यांच्याच नियमानं चालतं, त्यातला प्रकार. फाइलीच्या डोक्यावर तसा खुलासा असतो म्हणा. पण रेल्वेच्या तिकिटामागचा मजकूर तरी आपण कधी वाचलाय?

रेडिसच्या फाइलीत 'टाइमआउट ०' असतं. रिकामटेकडी जोडणी किती सेकंदांनी तोडायची? शून्य! म्हणजे ताबडतोब? नव्हे, कधीच नाही. मग 'कधीच नाही' असंच लिहिलं असतं तर शाई का सांडली असती?

इथवर गंमत. पण २०१७च्या जानेवारीत चोरट्यांनी मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. या मालकांनी दार मुद्दाम उघडं टाकलं होतं असं नाही. कुलूप लावायला हवं हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. पासवर्ड हवा तर तुम्ही सांगा, असा डिफॉल्ट होता. त्याच वर्षअखेरच्या ३.६ आवृत्तीपासून डेटाबेस फक्त आपल्याच यंत्राचं ऐकतो. बाहेरच्यांना आत घ्यायचं, तर मालकानं तसं लिहून द्यावं लागतं.

बिनसाखरेचा मागणारा धीट पाहुणा स्वतःचं बघून घेतो हो! मधुमेह असून संकोचानं कप तोंडाला लावणारा जो असतो ना, डिफॉल्ट त्याच्यासाठी लिहायचा. आणि लिहायचा तो असा, की त्याला चष्मा न शोधता वाचता यावा.