गोऱ्ह्याचं वासरू

माझ्या दुकानात वीस वर्षं एकच कायदा चालला: दिसतंय ना बरोबर, मग झालं. लग्नपत्रिका असो, श्रद्धांजलीचा फ्लेक्स असो, पतसंस्थेचा अहवाल असो, काहीही बिघडलं की डोळ्याला बरं दिसेपर्यंत ठोकायचं आणि छापायला हुबळीला पाठवायचं. फाइलच्या आत काय भरलंय ते कोण उघडून बघतंय? हा कायदा मी केला, मीच पाळला, आणि आता मीच मोडला. कसा ते सांगतो. त्यात माझी एक लबाडी आहे, तीही सांगतो.

कलघटगीत, हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, २००३ साली मी एक कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर घेऊन बसलो. गिऱ्हाईक बहुतेक कन्नड. मराठी काम आमच्यासारख्या चार घरांचं, तेही बारसं-लग्नापुरतं. कन्नडसाठी 'नुडी' आणि 'बरह', मराठीसाठी 'श्री-लिपी', मांडणीला पेजमेकर आणि कोरल, फोटोला फोटोशॉप. एवढ्यावर संसार चालला.

अडचणी रोजच्याच. एखादा शिकाऊ पोरगा वीस बाय दहा फुटांच्या फ्लेक्सची फाइल तीनशे रिझोल्यूशनला उघडणार आणि 'स्क्रॅच डिस्क फुल' म्हणून माझ्याकडे बघणार. त्याला हिशेब करून दाखवायचो: एका बाजूला ७२,००० ठिपके, दुसऱ्या बाजूला ३६,०००, म्हणजे २५९ कोटी. प्रत्येक ठिपक्याला चार शाया. दहा जीबी एका लेयरलाच झाले की रे, डिस्क भरणार नाही तर काय होणार? फ्लेक्स लोक रस्त्यापलीकडून बघतात, बहात्तरला कर. दुसरी अडचण लाल रंगाची. आमचं गाव लाकडी पाळण्यांचं. सागवानी, लाखेच्या रंगांनी रंगवलेले, अंगावर कृष्णाच्या नाही तर रामाच्या गोष्टी. कन्नड नट अंबरीश यांनी यश या नटाच्या होणाऱ्या बाळासाठी पाळणा इथूनच करवला होता. तो पोचायच्या आधीच, २०१८च्या नोव्हेंबरात, ते गेले. तर अशा पाळण्याचा फोटो पडद्यावर कुंकवासारखा लाल दिसतो आणि कागदावर विटेसारखा उतरतो. पडद्याचा लाल उजेडाचा, कागदाचा शाईचा. आधीच सीएमवायकेत, म्हणजे शाईच्या रंगांत, बघून घेतलं तर धक्का बसत नाही. ही दुखणी मला कधी जड गेली नाहीत.

जड गेली अक्षरं.

२०१०च्या पुढे लोक मोबाइलवरून मजकूर पाठवायला लागले. युनिकोडातला. तो उचलून फोटोशॉपात टाकला की सगळ्याचा चुराडा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसायची ती मागे जाऊन बसे, रफार खाली उतरे. कन्नडचे हाल तर बघवत नसत. 'हुब्बळ्ळी' लिहिलं की खाली बसणारी दोन्ही जोडअक्षरं वर येऊन रांगेत उभी. मी गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचो, युनिकोड हे सरकारी खूळ आहे, छपाईचं काम त्याचं नव्हे. मग सगळा मजकूर जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप करायचा, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करायचा, की अक्षराचं चित्र झालं. आता कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, हलणार नाही. 'कर्व्ह करून टाक' हे माझं रामबाण औषध होतं. खोकल्यालाही तेच, मोडलेल्या हाडालाही तेच.

दोष युनिकोडाचा नव्हता. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये, टाइप या पानावर, अक्षरजुळणीचं इंजिन कुठलं वापरायचं ते निवडता यायचं. तिथे भारतीय लिप्या कळणारं इंजिन निवडायचं. नंतरच्या आवृत्त्यांत त्याला 'वर्ल्ड-रेडी' म्हणत. आधी केलेल्या लेयरना पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायचा. दोन मिनिटांचं काम. मला ते कळायला कैक वर्षं लागली, कारण मी शोधलंच नाही. ज्याला शिव्या द्यायची सवय झाली त्याचं दुखणं कोण शोधतो?

आता मूळ गोष्ट.

२००६ साली मी आज्जीच्या पाळण्यांची पुस्तिका केली. लाकडी पाळणे नव्हेत, बारशाला म्हणायचे पाळणे. आज्जीला लिहिता येत नव्हतं. तिने म्हणायचं आणि मी टाइप करायचं, असं सोळा पानांचं काम. पन्नास प्रती काढल्या, नात्यात वाटल्या. २०१४ला आज्जी गेली. २०२२ला माझ्या पुतण्याला मुलगी झाली, बारसं ठरलं, शेजारच्या घरून रंगीत पाळणा मागून आणला आणि आत्याने हुकूम सोडला: आईची पुस्तिका पुन्हा छाप. आणि हो, सुनांना मराठी वाचता येत नाही, तर कन्नड अक्षरांत छाप. आमच्या घरात आता अशीच गत आहे. बोलतात सगळे मराठी, वाचतात सगळे कन्नड.

जुनी सीडी लावली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, ती नव्या कॉम्प्युटरवर चालेना. कपाटातला जुना डबा सुरू करून फाइल उघडली, तर फॉन्ट नाही. पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. टिंबं, कंस, डॉलरची खूण, मध्येच दोन आडव्या रेघा. हीच माझी आज्जी.

असं का होतं ते मला ठाऊक होतं, पण पोटात ढवळलं ते त्या दिवशी. जुन्या फॉन्टात मराठी 'क' नसतोच. फॉन्टात सगळी मिळून २५६ घरं, त्यातली कित्येक राखीव. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे कोंबलेले असतात: अर्धा क, काना, उभी रेघ, वेलांटीचे दोन-तीन आकार. फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, वरून मराठी मुखवटा. मुखवटा हरवला की खालचा गोंधळ उघडा पडतो. आणि प्रत्येक कंपनीची घरं वेगळी, त्यामुळे एकाचा मुखवटा दुसऱ्याला चालत नाही. म्हणजे मी वीस वर्षं मराठी टाइप करत नव्हतोच. मराठीची चित्रं लावत होतो.

फॉन्ट मिळवला, मजकूर रूपांतर करून युनिकोडात आणला. बाराएक पानं बरी निघाली. जिथे जिथे मी २००६ला जुगाड केला होता, नसलेलं जोडाक्षर दोन तुकडे चिकटवून बनवलं होतं, तिथे तिथे कचरा निघाला. शेवटची चार पानं तर वेलबुट्टीच्या चौकटीत छान दिसावीत म्हणून कर्व्ह केलेली. ती छापील प्रत समोर ठेवून पुन्हा टाइप केली. अक्षरं बोटांनी जात होती आणि कानात आज्जीचा आवाज येत होता, हे सांगायची गरज नाही.

मग प्रूफ वाचायला आत्या बसली. ती डोळे मिटून ऐकते, मी वाचतो. तिसऱ्या पाळण्यात तिने हात वर केला.

"वासरू काय? आईच्या तोंडी वासरू नव्हतं. गोऱ्हा होता. चाल बघ की, वासरू बसतंय का तिथं?"

बसत नव्हतं. दोन अक्षरांच्या जागी तीन, म्हणताना जीभ अडखळत होती. सोळा वर्षं आमच्या घरातल्या बायका तिथे अडखळत म्हणत आल्या, पुस्तकात आहे म्हणजे तसंच असणार म्हणून.

आत्याला मी म्हणालो, टायपिंगची चूक असेल. ती चूक नव्हती. मला लख्ख आठवत होतं. 'ऱ्ह' फॉन्टात सापडेना. र्‌चं ते डोळ्याच्या पापणीसारखं अर्धं रूप, 'दऱ्या'त येतं ते. अर्धा तास शोधलं, हुबळीची शेवटची पार्सल-गाडी निघायची वेळ झाली होती, आणि मी 'गोऱ्हा' खोडून 'वासरू' केलं. आज्जी शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. मी तिला विचारलंसुद्धा नाही.

याहून लाजेची गोष्ट पुढे आहे. या खेपेला जुना ड्रॉवर उपसताना त्या फॉन्टचा की-बोर्डाचा छापील तक्ता हाताला लागला. 'ऱ्ह'ची कळ त्यात होती. फॉन्टाचा दोष शून्य. तक्ता बघायचे कष्ट नकोत म्हणून मी आज्जीचा शब्द बदलला होता, आणि दिसतंय ना बरोबर, म्हणून निजलो होतो.

त्या रात्री आत्याला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता कर की नीट." एवढंच.

नीट करायचं म्हणजे कन्नडही आलंच. धारवाडला इंजिनिअरिंग करणारा धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, पुन्हा टाइप कशाला करताय? ८९६ मिळवा." मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने कागदावर मांडून दाखवलं. युनिकोडात देवनागरी 'क'चा आकडा २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'म' घ्या, 'ळ' घ्या, काना घ्या, फरक तोच. युनिकोडातले भारतीय लिप्यांचे तक्ते १९८८च्या 'इस्की' या आपल्याच प्रमाणावर बेतलेले, त्यामुळे एका लिपीत जे अक्षर ज्या घरात, दुसऱ्या लिपीतही त्याच घरात. ज्या युनिकोडाला मी सरकारी खूळ म्हणत होतो, त्यात माझी आज्जी एका बेरजेने कन्नड झाली. पुतण्याने चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि सोळा पानं पापणी लवायच्या आत पलीकडे.

सगळं गोड झालं असं नाही. प्रस्तावनेतल्या 'ऑ'च्या जागी रिकामी चौकट आली. कन्नड तक्त्यात ते घर मोकळंच आहे. मराठीत 'घर' म्हणताना शेवटचा अ गिळतात, कन्नड वाचणारा तो उच्चारतो, म्हणून सगळं 'घरअ, दारअ' होऊ लागलं. प्रस्तावनेत पाय मोडून दुरुस्त केलं. पाळण्यांतही पाय मोडायला निघालो होतो, तेव्हा आत्याने म्हणून दाखवलं: चालीवर म्हणताना तो अ लागतोच. कन्नड वाचन इथे मराठीपेक्षा बरोबर होतं. पाळणे तसेच ठेवले.

आणि 'गोऱ्हा'. तिथे पुन्हा अडलं. मराठी पापणीवाला 'ऱ' ज्या घरात आहे, त्याच घरात कन्नड तक्त्यात जुन्या कन्नडातला, आता वापरातून गेलेला एक 'र' बसलेला आहे. आदिकवी पंपाच्या काळचं अक्षर. सुनांनी ते शाळेत पाहिलेलं नसणार. शिवाय हा पापणीवाला र युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसायला सारखाच, आतून वेगळा. माझ्या मजकुरात तो काही ठिकाणी एका तऱ्हेने आणि काही ठिकाणी दुसऱ्या तऱ्हेने आला होता, त्यामुळे शोधाशोध करताना निम्मे सापडतच नव्हते. दिसत होतं मात्र सगळं बरोबर.

सोळा वर्षांपूर्वीचाच प्रसंग होता. रात्रीचे दहा, सकाळी छपाई, एक शब्द अडलेला. 'वासरू' तयारच होतं, अगदी बोटाखाली. मी एकेक ऱ शोधून एकाच तऱ्हेचा केला, कन्नड प्रतीत जुन्या अक्षराच्या जागी नेहमीचा र घातला, आणि पाठवण्याआधी मजकूर साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहिला. चौकट नाही, वेलबुट्टी नाही, मुखवटा नाही. गोऱ्हा जागेवर होता. आता दुकानात प्रत्येक काम आधी नोटपॅडमध्ये उघडतो. शिकाऊ पोरं हसतात. कर्व्ह अजून करतो, छपाईला जाणारी प्रत तेवढी. खालचा जिवंत मजकूर वेगळा ठेवून.

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या. पुस्तिका धाकट्या सुनेच्या हातात, कन्नड अक्षरं, मराठी शब्द, चाल आत्याची. तिसऱ्या पाळण्यात सून थांबली. तिने बोट त्या शब्दावर ठेवलं आणि सासूला अर्थ विचारला.

"गोऱ्हा अंद्र एन्री अत्ती?"

माझ्या छातीत धस्स झालं. वहिनींनी पाळण्याची दोरी न सोडता कन्नड शब्द सांगितला, "होरी. होरी, होरी."

"ओऽ, होरी!" म्हणत सुनेने मान हलवली आणि पुढची ओळ धरली.