होय, मला चौथा इंडी आवडतो!

'इंडियाना जोन्स'चा विषय निघाला, की आमच्या ग्रुपमध्ये २००८च्या 'किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल'ची धुलाई ठरलेली. इंडी फ्रिजमध्ये लपून अणुस्फोटातून वाचतो काय, शेवटी परग्रहवासी निघतात काय!

मान्य, बॉस. माकडांबरोबर वेलींवरचे झोके मलाही झेपत नाहीत. पण १९८४च्या 'टेंपल ऑफ डूम'मध्ये हाच इंडी रबरी होडीत बसून विमानातून उडी मारतो आणि बर्फावर सुखरूप उतरतो. तेव्हा टाळ्या आणि इथे लॉजिक? हा कुठला न्याय?

माझं खरं कारण मात्र वेगळंय. गेल्या वर्षी बाबा रिटायर झाले. दिवसभर नुसते खिडकीशी बसायचे. एका रविवारी त्यांना हा सिनेमा लावून दिला.

तिसरा भाग १९८९चा. १९ वर्षांनी परतलेल्या हॅरिसन फोर्डने शूटिंग चालू असतानाच पासष्टी गाठली होती. कथेतला इंडीही थकलाय. वडील गेलेत, जुना मित्र मार्कस गेलाय, टेबलावर दोघांच्या तसबिरी. वर कॉलेजने सक्तीच्या रजेवर पाठवलंय.

''यालाही घरी बसवलं?'' बाबा सावरून बसले.

पुढे मॅरियन भेटते, मुलगा सापडतो, चक्क लग्न होतं. शेवटी वाऱ्याने उडालेली इंडीची टोपी मुलगा उचलतो. डोक्यावर घालणार, तेवढ्यात इंडी ती काढून घेतो.

बाबा कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. म्हणाले, ''बरोबर आहे. टोपी इतक्यात द्यायची नाही.''

आता फ्रिजवरून खुशाल हसा. आपलं मत फायनल!