काकांचा कागद

डोंबिवलीला आमच्या चाळीत, दोन बिऱ्हाडं सोडून, एक काका राहायचे. रेल्वेत कारकून. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. डोंगर मला त्यांनी दाखवला असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, असेल कुणी दणकट, दोर खांद्यावर टाकून पुढे चालणारा. काका अंगाने किरकोळ. चष्म्याला मागून नाडी बांधायचे आणि चढावर हमखास सगळ्यांच्या मागे असायचे. त्यांचं माझ्यावरचं ऋण डोंगरावरचं कमी आणि डोंगराला जायच्या आधीच्या आठवड्यातलं जास्त आहे.

भीमाशंकरचंच सांगते, कारण तिथे आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. पायथ्याचं गाव खांडस, कर्जत तालुक्यात. तिथून माथ्यावर जायला दोन वाटा. शिडी घाट जवळचा, पण खडा. लोखंडी शिड्या चढायच्या आणि पावसात जीव मुठीत धरायचा. गणेश घाट लांबचा, पण पोराबाळांना झेपणारा. दोन्ही वाटा पदरावर, कड्याखालच्या सपाटीवर, एकत्र येतात आणि तिथून पुढे गच्च झाडी. खांडसपासून देवळापर्यंत चढ साधारण नऊशे मीटरचा. गणेश घाटाने जायचं आणि त्याच वाटेने संध्याकाळी उतरायचं, हा काकांचा नेम.

बुधवारी रात्री जेवणं आटोपली की ते नकाशा पसरायचे. सर्व्हे ऑफ इंडियाचा, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, घड्या झिजून फाटू नये म्हणून मागून मलमलीच्या पट्ट्या चिकटवलेला. मग काकूंच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा यायचा. तो वाटीतल्या पाण्यात बुडवून काका वाटेच्या तुटक रेषेवर ठेवत जायचे. वळण आलं की नखाने दाबायचं, पुन्हा पुढे. दोरा ओला असला की वळणावर उसळत नाही. शेवटी तो अलगद उचलून फूटपट्टीला लावायचा. मला काम समोच्च रेषा मोजायचं, टाचणीच्या टोकाने, एकेक. दोन रेषांमध्ये वीस मीटरचा चढ. रेषा दाटीवाटीने आल्या की काका म्हणायचे, "इथे बोलणं बंद होणार बघ सगळ्यांचं."

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ठोकताळा सांगितला होता: तासाला तीन मैल चाल धरा आणि दर दोन हजार फूट चढाला एक तास वाढवा. काकांनी तो कुठून मिळवला कोण जाणे. त्या हिशेबाने माथा तीन-सव्वातीन तासांत यायचा. काका त्याची दीडपट करत. "तो थंड देशातला गडी. ऑक्टोबरात खांडसला येऊन बघ म्हणावं." दीडपट कमीच धरली असं माझं मत आहे, पण ते असू दे.

वेळापत्रक ते खालून वर लिहायचे. पहिली ओळ संध्याकाळची: 5.30, खांडस, टमटम. तिच्या वर पदर, त्याच्या वर माथा, सगळ्यांत वर पहाटेची कर्जत लोकल. मधोमध एका ओळीखाली दोन रेघा असायच्या: "दुपारी 1, जिथे असू तिथून माघारी." आणि पदराच्या वरच्या झाडीत एक ओळ फक्त "शेकरू, 15 मिनिटं" अशी. भीमाशंकरचं जंगल 1985 साली अभयारण्य झालं, ते या तांबूस खारीचं घर म्हणूनही. पण शेकरू काही वेळ ठरवून भेटत नाही. कित्येकदा उंच फांदीवरचं काटक्यांचं घरटं तेवढं दिसायचं. तरी ती पंधरा मिनिटं काकांनी कधी कापली नाहीत. सगळ्यांनी खोडाला टेकून गप्प बसायचं.

या कागदाखाली कार्बन घातलेला असे. जितकी घरं तितक्या प्रती. प्रत्येक प्रतीच्या तळाशी: रात्री अकरापर्यंत परत न आल्यास कोणाला कळवायचं, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याचा फोन नंबर, कारण चाळीत फोन तेवढा एकच. आमच्या घरची प्रत आई कालनिर्णयच्या खिळ्याला अडकवून ठेवायची. त्या काळी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला रविवारी पहाटे मुलांच्या घोळक्यात डोंगरावर पाठवणं सोपं नव्हतं. शेजारपाजारचे बोलायचे. वडिलांच्या मनातही नसायचं. मला परवानगी मिळाली ती हट्टामुळे नाही आणि काकांच्या भारदस्तपणामुळे तर नाहीच. मिळाली त्या फिक्या निळ्या अक्षरांमुळे. तीन वाजता पोरगी कुठे असेल हे आईला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळत होतं.

एकदा पदराच्या वर धुकं उतरलं. झाडीत ढोरवाटा इतक्या फुटतात की दहा पावलांवरचा माणूस दिसेना तेव्हा कुठली वाट कुठली, काही कळत नाही. एक वाजला. माथा अर्ध्या तासावर असेल-नसेल. मुलं कुरकुरली, "काका, अर्धा तासच!"

"अर्धा तास कागदावर नाही," काका म्हणाले आणि वळले. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. रात्री साडेनऊला घरी पोचले तर आई चक्क झोपली होती. दार वडिलांनी उघडलं.

काकांच्या कागदाने काही गोष्टी हुकल्याही. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात ओल्या, कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट उजळते. अंधारापूर्वी खाली, या नियमापायी ती आम्ही कधीच पाहिली नाही. काकूंनी तर डोंगरच पाहिला नाही. पहाटे तीनला उठून दशम्या आणि लसणाची चटणी बांधून देणं एवढाच त्यांचा ट्रेक, आणि आम्हा कुणाला तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही.

काकांचं फेडायचं राहून गेलं. फेडू दिलं असतं असंही नाही. पण त्या धुक्यात, वळल्यावर, पदरावरच्या एका घरातल्या आजीने आम्हाला ताक पाजलं, नातवाला वाट दाखवायला घाटाच्या तोंडापर्यंत सोबत दिलं आणि पैसे घेतले नाहीत. त्या माणसांचं फेडणं अजून आपल्या हातात आहे. खांडसहून वर जाणार असाल तर गावातला वाटाड्या घ्या, मजुरी आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. पदरावर जेवण सांगता येत असेल तर डबा घरी ठेवा. पावसाळ्यात शिडी घाटाच्या नादी लागू नका. आणि निघण्यापूर्वी परतीची वेळ कागदावर लिहून घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. मोबाइलवर पाठवलीत तरी चालेल, पण द्या.