तलावपाळीवरची जुनी श्रद्धा

ठाण्याच्या मासुंदा तलावाशेजारी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. तिथून जाणारे बहुतेक ठाणेकर धरून चालतात, की इथला ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला.

तो त्याहून जुना आहे. वास्को द गामाच्या पावणेदोनशे वर्षं आधी, एप्रिल १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रिउस. ते एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरी उतरले होते. पुढे आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने अशी पंधरा घरं नोंदवली आणि हुतात्म्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. शाळेच्या पुस्तकात हे यायलाच हवं!

ही श्रद्धा इथल्या मातीत किती मुरली, ते ईस्ट इंडियन या स्थानिक कॅथलिक समाजाच्या लग्नात दिसतं. आदल्या दिवशी काष्ट्याची लुगडी नेसलेल्या बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणतात. लग्न मात्र वेदीपुढे लागतं. काहींना यात भेसळ वाटते. उलट, श्रद्धा घरची झाल्याची ही खूण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लोकभाषांत होऊ लागली. लग्नातली गाणी मात्र त्याआधीपासूनच मराठी होती.